विश्लेषण : माणिकपूरहून डेटा-तंत्रज्ञांसाठी मराठी न्यूजलेटर काढायचे, तर आधी काय ठरवावे?

वसईत डिसोजा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे घरोघरी आढळतात. ती रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर अनेकदा एक छोटे चिन्ह येते, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. एका कागदपत्रावर ते असते, दुसऱ्यावर नसते, तिसऱ्यावर त्या जागी नुसती मोकळी जागा असते. ऑनलाइन अर्जात ते टाकले की कधी ‘अवैध अक्षर’ असा लाल संदेश येतो. माणूस एकच असतो, पण संगणकाच्या लेखी ते तिघे होतात.

याचे कारण साधे आहे. डेटाबेसशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेत मजकुराची सुरुवात आणि शेवट एकेरी अवतरणचिन्हाने दाखवतात आणि हे चिन्ह अ‍ॅपॉस्ट्रॉफीसारखेच असते. निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमला आडनाव ‘डी’पाशीच संपले असे वाटते आणि पुढचा मजकूर तो आज्ञा समजून वाचू लागतो. याच फटीतून डेटाबेसमध्ये घुसण्याच्या प्रकाराला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. मजकूर आणि आज्ञा वेगवेगळ्या पाठवणे हा त्यावरचा उपाय आहे. मात्र तीन नोंदींमधला माणूस एकच आहे, हे ओळखण्याचा तयार उपाय नाही. तिथे आडनावांची, गावांची आणि माणसांची माहिती असलेला तंत्रज्ञच लागतो.

असे तंत्रज्ञ वसई परिसरात कमी नाहीत. रोज सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये ते उभे असतात आणि अंधेरी, मालाड, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत दिवसभर डेटा सांभाळतात. पण कामात उमगलेली गोष्ट लिहून ठेवण्याची, ती दुसऱ्याला देण्याची जागा त्यांच्याकडे नाही. या तंत्रज्ञांनी आपल्याच व्यवसायासाठी एखादे मराठी न्यूजलेटर का काढू नये आणि काढायचे तर कसे, याचा हा आढावा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना न्यूजलेटर कशाला?

बहुतेक तंत्रज्ञ कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर असतात. तिथे कुणी अडचण विचारतो, कुणी रात्री अकरा वाजता नेमके उत्तर देतो आणि सकाळपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली ते गाडले जाते. सहा महिन्यांनी तीच अडचण दुसऱ्याला येते, तेव्हा ते उत्तर कुणालाच सापडत नाही. ग्रुप गप्पांसाठी उत्तम असतो, साठवणीसाठी नाही.

न्यूजलेटर म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या विषयावर, वाचकाने स्वतः मागून घेतलेला ई-मेल. त्याला तारीख असते, अंक क्रमांक असतो, मागचे अंक शोधता येतात. एकाच माणसाला एका विषयावर शेवटपर्यंत बोलू देण्याची सोयही त्यात असते.

दुसरा फरक मालकीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलचे दहा हजार फॉलोअर असले, तरी त्यांची यादी चॅनेल चालवणाऱ्याच्या हाती नसते. ई-मेल पत्त्यांची यादी मात्र दुसरीकडे नेता येते. ट्विटरने २०२१ मध्ये ‘रेव्ह्यू’ ही न्यूजलेटर सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बंद केली. मेलचिंपने ‘टायनीलेटर’ फेब्रुवारी २०२४ अखेर बंद केले. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती, त्यांचे न्यूजलेटर वाचले. त्यामुळे सेवा कोणतीही निवडा, यादीची प्रत दर महिन्याला आपल्याकडे ठेवायची, हा पहिला नियम.

माणिकपूरहूनच का?

कृत्रिम बुद्धिमत्तेची ताजी बातमी माणिकपूरहून कुणी वाचणार नाही. ती सॅन फ्रान्सिस्कोहून थेट येते. तिचा मराठी गोषवारा कोणतेही चॅटबॉट काही सेकंदांत देते. तेच करायचे असेल तर न्यूजलेटर न काढलेले बरे.

इथल्या तंत्रज्ञाकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेला ऐवज आहे. वर सांगितलेली आडनावे हा त्यातला एक. ठिकाणांची नावे हा दुसरा. वसईला पोर्तुगीजांनी ‘बसाईं’ म्हटले, इंग्रजांनी ‘बसीन’. जुनी कागदपत्रे आणि नवे नकाशे एकत्र जोडायचे असतील, तर ही सगळी नावे एकाच गावाची आहेत हे आधी संगणकाला सांगावे लागते. स्थानिक कारभाराचेही तसेच. ३ जुलै २००९ रोजी नवघर-माणिकपूर, वसई, विरार आणि नालासोपारा या चार नगर परिषदा आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार नोंदली गेली, ती ठाणे जिल्ह्याखाली. जिल्ह्याच्या नावावर भरवसा ठेवून दोन वर्षांचे तक्ते जोडणाऱ्या नवख्याचे गणित इथे चुकणारच.

पावसाचे उदाहरण याहून बोलके आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात तो ७३ मिलिमीटर होता. एकाच शहरातल्या दोन वेधशाळांमध्ये हा फरक, तर सांताक्रूझचा आकडा खाडीपलीकडच्या वसईला कसा लावायचा? जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकलसेवा ठप्प झाली, वसईतल्या कितीतरी सोसायट्या पाण्यात होत्या. पावसाचे आकडे कुठून येतात, किती जागी मोजले जातात आणि मधल्या जागांचा अंदाज कसा काढतात, हे समजावणारा एक अंक तंत्रज्ञांनाही उपयोगी पडेल आणि तळमजल्यावर राहणाऱ्यालाही.

भाषेचा मुद्दा आहेच. वसईच्या काही गावांत सामवेदी म्हणजेच कादोडी बोली बोलली जाते. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाचा भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर आहे. कादोडी त्या यादीत नाही. आवाजावर चालणारी यंत्रे उद्या सर्वत्र आली, तर ही बोली बोलणाऱ्या आजीचे काय होईल, हा अस्सल तांत्रिक प्रश्न आहे आणि तो विचारायला वसईचाच माणूस हवा.

तांत्रिक लेखन मराठीत जमेल का?

हा आक्षेप हमखास येतो. तंत्रज्ञ इंग्रजीतच वाचतात, मग मराठीचा अट्टहास का? आक्षेपात तथ्य आहे. एसक्यूएलच्या आज्ञा इंग्रजीतच राहणार, त्रुटीचे संदेश इंग्रजीतच येणार. पण आज्ञा टाइप करण्यापूर्वी माणूस विचार करतो आणि शेजारच्या सहकाऱ्याला ‘अरे, हे दोनदा का मोजले जातेय?’ असे मराठीतच विचारतो. न्यूजलेटरची भाषा ती असावी.

या परंपरेची सुरुवातही अशीच झाली. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत. ‘दर्पण’च्या पानावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. ते आधी पाक्षिक होते, चार महिन्यांनी साप्ताहिक झाले. १८४० मध्ये त्यांनीच ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. शास्त्रीय विषय मराठीत मांडणे हा त्याचा गाभा होता. पुढे १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या पत्रिकेने हे काम नेटाने चालू ठेवले.

वसईचा स्वतःचा दाखला ‘सुवार्ता’ मासिकाचा. ख्रिस्ती समाजाचे म्हणून ओळखले जाणारे हे नियतकालिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाखाली, १९८३ ते २००७ या काळात, समाजाबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचले. दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ठरावीक वाचकांसाठी नेमाने काढलेले नियतकालिक दूरवर जाऊ शकते, हे वसईला नव्याने सांगण्याची गरज नाही.

शब्दांचा बाऊ मात्र करू नये. ‘टेबल’, ‘क्वेरी’, ‘बॅकअप’, ‘सर्व्हर’ हे शब्द वाचकाच्या तोंडात आहेत, तेच वापरावेत. ‘विदा’ की ‘डेटा’ या वादात पहिला अंक अडकला, तर दुसरा निघणार नाही. वाक्य मराठी असावे, उदाहरण इथले असावे, एवढे पुरे.

अंकात नेमके काय द्यावे?

अरुंद विषय निवडणे हाच यशस्वी न्यूजलेटरांचा समान धागा आहे. पत्रकार जेरेमी सिंगर-वाइन यांचे ‘डेटा इज प्लुरल’ २०१५ पासून एकच काम करते. वापरता येतील असे मोजके डेटासंच दर अंकात सुचवायचे, प्रत्येकाबद्दल चार-दोन ओळी लिहायच्या. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भाकिते नसतात, नोकरीचे सल्ले नसतात. म्हणूनच ते कशासाठी उघडायचे हे वाचकाला ठाऊक असते.

माणिकपूरच्या न्यूजलेटरसाठी एक साचा पुरेसा आहे. एका अंकात एक चूक, तिचे कारण आणि दुरुस्ती. सोबत एका सरकारी किंवा सार्वजनिक डेटासंचाची ओळख, त्यातल्या खाचखळग्यांसह. शेवटी वाचकाचा एक प्रश्न आणि मागच्या अंकातल्या चुकीची दुरुस्ती. दुरुस्तीची जागा कायम ठेवावी. डेटाच्या धंद्यात चूक होणे लाजिरवाणे नाही, चूक लपवणे आहे.

वाचक कोण, हेही आधीच ठरवावे. ‘सगळे तंत्रज्ञ’ असा वाचक नसतो. एक वाचक वसई रोड पश्चिमेच्या विद्यावर्धिनी अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असेल. दुसरा वालीव किंवा गोखिवऱ्यातल्या कारखान्यात स्टॉकची एक्सेल फाइल सांभाळत असेल आणि पदनामात ‘डेटा’ हा शब्द नसला, तरी दिवसभर तेच काम करत असेल. तिसरी बीकेसीतल्या बँकेत दहा वर्षांची अनुभवी असेल. तिघांना एकाच अंकात खूश करता येणार नाही. यातल्या दुसऱ्याला समोर ठेवून लिहिले, तर पहिल्याला शिकायला मिळते आणि तिसरीला आपल्या हाताखालच्यांना पाठवायला काहीतरी मिळते.

खर्च किती येतो?

पैशांत पाहिले तर फार कमी. डोमेनचे नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते. सबस्टॅकसारखी सेवा मोफत अंकांसाठी पैसे घेत नाही, वर्गणी लावली तर तिच्यातले दहा टक्के घेते. मात्र ही वर्गणी ज्या स्ट्राइप सेवेमार्फत घेतली जाते, ती २०२४ पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच देते. वर्गणीची स्वप्ने पाहण्याआधी हे तपासावे.

स्वतः यंत्रणा उभारू पाहणाऱ्यासाठी ‘लिस्टमंक’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. झिरोधा या बंगळुरूच्या कंपनीचे तंत्रज्ञानप्रमुख कैलाश नाध यांनी ते तयार केले. त्याला छोटा भाड्याचा सर्व्हर आणि मेल पाठवणारी सेवा लागते. अ‍ॅमेझॉनची अशी सेवा हजार मेलना १० सेंट आकारते. पाचशे वाचकांना वर्षाला २६ अंक, म्हणजे १३ हजार मेल. हा खर्च दीड डॉलरच्याही आत राहतो.

खरी किंमत वेळेची आहे. एका अंकाला सहा तास धरले, तर पाक्षिकासाठी वर्षाला १५६ तास होतात. नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून एकट्याने साप्ताहिक काढणे म्हणजे दहाव्या अंकाला दम लागणे. म्हणून सुरुवात पाक्षिकानेच करावी आणि शक्य तर तिघांनी मिळून करावी.

मेल इनबॉक्सपर्यंत पोहोचेल का?

इथे अभियांत्रिकी कामाला येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी हव्यात. एका क्लिकमध्ये नाव काढता आले पाहिजे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली राहिल्या पाहिजेत. जीमेलच्या लेखी ‘मोठा’ म्हणजे दिवसाला पाच हजार किंवा अधिक मेल पाठवणारा. तरी लहानांनीही हे पाळावे. दोनशे वाचकांच्या यादीत एकाने जरी ‘स्पॅम’ दाबले, तर ते प्रमाण ०.५ टक्के होते.

मराठीसाठी एक जास्तीची अडचण आहे. ‘माणिकपूर’ हा शब्द देवनागरीत लिहा किंवा रोमनमध्ये, काना-वेलांट्या धरून संगणक आठच अक्षरचिन्हे मोजतो. पण प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. रोमन माणिकपूर आठ बाइटचे, देवनागरी माणिकपूर चोवीस बाइटचे. ‘क्ष’ दिसतो एक, पण साठवला जातो तीन चिन्हांचा, म्हणजे नऊ बाइटचा. साधारण १०२ केबीपेक्षा मोठा मेल जीमेल अर्ध्यावर कापते आणि उरलेला दुव्यामागे ठेवते. दोन हजार शब्दांच्या नुसत्या मराठी मजकुराला ढोबळ ४० केबी लागतात. त्यावर भपकेबाज रचनेचा कोड चढवला की मर्यादा ओलांडली जाते. आणि कापला जातो तो शेवट, म्हणजे ‘नाव काढा’ हा दुवा असलेली जागा. दुवा सापडला नाही की वाचक ‘स्पॅम’ दाबतो. साधी मांडणी आणि हजार-बाराशे शब्द हेच उत्तम. नायगाव-भाईंदरदरम्यान खाडीपुलावर नेटवर्क गेले, तरी तेवढा अंक उघडून ठेवलेला वाचून होतो.

कायदा आणि नोकरीचे काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. संमती स्पष्ट, मोकळ्या मनाने आणि विशिष्ट कारणासाठी घेतलेली असावी, ती देणे जेवढे सोपे तेवढेच मागे घेणेही सोपे असावे, हे या कायद्याचे सूत्र आहे. त्यामुळे लग्नाच्या आमंत्रणासाठी गोळा केलेले किंवा सोसायटीच्या यादीतले पत्ते न्यूजलेटरमध्ये घालू नयेत. डेटा तंत्रज्ञांच्या न्यूजलेटरनेच वाचकांचा डेटा हलगर्जीपणे हाताळला, तर त्याला दुसऱ्यांना शिकवण्याचा अधिकार उरत नाही.

नोकरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितले होते. मोफत न्यूजलेटर आणि स्पर्धकाची नोकरी यांत मोठा फरक आहे. तरीही नेमणूकपत्रातली गोपनीयतेची आणि बाहेरच्या कामाची कलमे वाचावीत, शंका असेल तर लेखी परवानगी घ्यावी. चूक कशी झाली ते लिहावे, कुठे झाली ते नाही. ग्राहकाचा खरा तक्ता, अगदी नावे खोडूनही, अंकात येता कामा नये. उदाहरणाचा तक्ता स्वतः बनवावा.

यश मोजायचे कसे?

किती जणांनी मेल उघडला, हा आकडा आता फारसा विश्वासार्ह राहिलेला नाही. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीनंतर त्यांच्या मेल अ‍ॅपमध्ये न वाचलेला मेलही उघडलेला दिसू शकतो. आकड्यांवर पोट असलेल्यांनी तरी या आकड्यावर भाळू नये.

त्यापेक्षा तीन साध्या गोष्टी मोजाव्यात. ठरलेल्या वारी निघालेले अंक किती? अंकाला उत्तर म्हणून आलेले मेल किती? आणि वाचकांनी दाखवून दिलेल्या चुका किती? तिसरा आकडा शून्य असेल, तर अंक निर्दोष असण्यापेक्षा तो नीट वाचला जात नसण्याची शक्यता जास्त.

जाहीर करण्याआधी चार अंक लिहून तयार ठेवावेत. चौथ्या अंकाला विषय सुचत नसेल, तर विषय फार रुंद किंवा फार उसना आहे, असे समजावे. चारही लिहून झाले आणि पाचवा डोक्यात घोळत असेल, तर ओळखीच्या वीस जणांना विचारून, त्यांची संमती घेऊन, पहिला अंक पाठवावा. आडनावातल्या त्या छोट्या चिन्हावर पहिला अंक निघाला, तर वालीवच्या कारखान्यात किंवा एखाद्या पतपेढीत संगणकासमोर अडकलेल्या कुणाचे तरी काम त्याच दिवशी पुढे सरकेल. पाक्षिक चालू ठेवायला तेवढे कारण पुरेसे आहे.